आई कामावर रुजू होते तेव्हा : स्वमग्न मुलाची दुरावण्याची भीती



दरवर्षी जूनमध्ये आपल्या शाळेच्या दारात एक दृश्य ठरलेलं असतं. पहिलीचं नवं मूल, त्याने घट्ट धरलेला आईचा पदर आणि रडारड. आठ-पंधरा दिवसांत ही रडारड थांबते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. पण एखाद्या मुलाचं रडणं थांबत नाही, उलट वाढत जातं. ते मूल स्वमग्न असेल आणि नेमकी त्याच काळात त्याची आई रजा संपवून कामावर रुजू झाली असेल, तर आपले नेहमीचे उपाय चालत नाहीत. काही वेळा ते उलटतात. माझ्या हातून असा एक उपाय उलटला. त्यातून मी जे शिकले ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. मुलाचं आणि घरच्यांचं नाव अर्थातच सांगत नाही.

काय घडलं?

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. बोलणं मोजकं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणायची सवय. आई एसटीत वाहक, बाबा एका गॅरेजमध्ये कामाला, घरी आजी. स्वमग्नतेचं निदान झाल्यापासून आई रजेवर होती. आधी भरपगारी, मग बिनपगारी. जून-जुलैमध्ये तीच त्याला शाळेत आणायची, व्हरांड्यात बसायची. हळूहळू तो वर्गात रमू लागला होता. ऑगस्टमध्ये रजा संपली.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "बाई, उद्या कसं करू?" मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "ताई, तो खेळण्यात रमला की नजर चुकवून निघा. दोन दिवस रडेल, मग सवय होईल." इतकी वर्षं सगळ्याच पालकांना मी हेच सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या अंगणात डब्यांची झाकणं फिरवत बसला असताना आई निघाली. थोड्या वेळाने तो घरात आला, आई दिसेना. आजीने त्याला शांत करायला म्हटलं, "आई आंघोळीला गेलीय." झालं! तो न्हाणीच्या दारासमोर जाऊन बसला आणि तिथून हलेना. दार उघडून दाखवलं, आत कोणी नाही, तरी हलेना. त्या दिवशी तो शाळेत आला नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत गोष्टी बिघडतच गेल्या. आई घरी असतानाही आंघोळीला गेली की तो किंचाळून दार बडवायचा. रात्री दोन-तीनदा उठून आई आहे ना, हे हात लावून बघायचा. शाळेत डबा उघडेना. गेटपाशी उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "आई आंघोळीला गेलीय, आई आंघोळीला गेलीय." आणि स्वतःच्या मनगटाचा चावा घ्यायचा. मनगटावर वळ उठले होते.

एका शनिवारी आई शाळेत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, राजीनामा देऊ का?" त्या घरातला खात्रीचा पगार तिचाच होता. मुलाची थेरपी, जायचा-यायचा खर्च त्यातूनच चालायचा. आणि तिला तो सल्ला देणारी मी होते.

दुरावण्याची भीती म्हणजे काय?

इंग्रजीत जिला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात, ती मुळात आजार नाही, वाढीचा टप्पा आहे. साधारण आठ-नऊ महिन्यांचं बाळ आई नजरेआड झाली की रडतं. दीड वर्षापर्यंत हे जास्त असतं आणि तीन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांमध्ये ओसरतं. कारण तोवर मुलाला एक गोष्ट कळलेली असते, की आई जाते ती परत येते. ही गोष्ट मूल कुणी शिकवल्याशिवाय शिकतं. आईच्या चेहऱ्यावरून, बोलण्याच्या सुरावरून, पर्स उचलण्यावरून, "संध्याकाळी येताना खाऊ आणते हं" या वाक्यावरून ते अंदाज बांधतं.

स्वमग्न मुलाला नेमकं हेच अवघड जातं. चेहरा, सूर आणि सूचक बोलणं यांतून पुढे काय होणार हे ताडणं त्याला सहज जमत नाही. त्यामुळे ही भीती उशिरापर्यंत टिकू शकते, किंवा मावळलेली भीती सहाव्या-आठव्या वर्षी एखाद्या बदलाने पुन्हा वर येऊ शकते. स्वमग्न मुलांमध्ये एकूणच चिंता जास्त आढळते. २०११ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात अठरा वर्षांखालच्या सुमारे ४० टक्के स्वमग्न मुलांमध्ये कोणता ना कोणता चिंता-विकार दिसला होता.

"त्याला कुठे आईची ओढ असते?"

आई रुजू होणार म्हटल्यावर शेजारपाजारचे हेच म्हणाले होते. "तो तर आपल्यातच असतो. त्याला काय फरक पडणार?" आपल्या 'स्वमग्न' या शब्दामुळेही हा गैरसमज होतो. 'स्व'मध्ये 'मग्न', म्हणजे याला कोणाची गरजच नाही असं वाटतं.

हा गैरसमज जुना आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तिथून स्वमग्नतेचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. पुढे काही दशकं तर आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असा दोषही आयांच्या माथी मारला गेला. तो पूर्ण चुकीचा ठरला. १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसून आलं, की आई खोलीबाहेर गेली आणि परत आली की स्वमग्न मुलांच्या वागण्यातही फरक पडतो आणि अनोळखी माणसापेक्षा ती आईकडेच जास्त ओढली जातात. ओढ असते, ती दाखवायची पद्धत वेगळी असते.

कॅनर यांनीच आणखी एक गोष्ट नोंदवली होती. या मुलांना सगळं होतं तसंच राहावं असं आतून वाटत असतं आणि बदल झाला की त्यांची घालमेल होते. आपल्या विषयाची किल्ली इथे आहे.

आई जाते म्हणजे नेमकं काय काय जातं?

आमच्या केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका येतात. मी त्यांना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आई घरात असताना दिवसभरात त्याच्यासाठी काय काय करते, ते तिला लिहून काढायला सांगा. अगदी बारीकसारीक."

आईने लिहिलं. वहीची दोन पानं भरली. त्यातल्या काही ओळी अशा होत्या :

– वरण भातावर वाढत नाही, वाटीत वेगळं देते. भातावर पडलं तर तो जेवत नाही.
– नव्या शर्टाची मानेजवळची पट्टी कापून टाकते.
– कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याच्या कानांवर हात ठेवते.
– तो "बस गेली" म्हणाला की त्याला शू लागलेली असते.
– दुपारी झोपवताना पाठीवर जोरात थापटते. हळू थापटलेलं त्याला आवडत नाही.

ही यादी वाचून मी गप्प झाले. आजीला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. आई गेली त्या दिवशी वरण भातावर पडलं. कुकरच्या तीन शिट्ट्या अचानक झाल्या. तो "बस गेली, बस गेली" म्हणत राहिला आणि कुणाला कळलं नाही, चड्डी ओली झाली.

म्हणजे बघा, आई ही त्याच्यासाठी फक्त आई नव्हती. ती त्याचं घड्याळ होती, त्याची दुभाषी होती आणि आवाज-स्पर्शापासून वाचवणारी भिंतही होती. सामान्यतः मूल आईवाचून रडतं तेव्हा त्याला माया हवी असते आणि ती आजी देऊ शकते. या मुलाला आजीची माया होतीच. पण आईबरोबर त्याच्या दिवसाचा सगळा नकाशाच घराबाहेर गेला होता, आणि तोही न सांगता.

म्हणून उपाय "रडू दे, सवय होईल" हा नाही. आईकडची एकेक कामं आजीकडे, चित्रांकडे, ठरलेल्या क्रमाकडे सोपवायची, हा आहे. आईने नोकरी सोडायची गरज नसते, पण ही सोपवासोपवी करायला वेळ लागतो. शक्य असेल तर ती रुजू होण्याच्या महिनाभर आधीपासून सुरू करावी. आम्हाला ती नंतर करावी लागली.

आम्ही काय केलं?

१. खोटं बोलणं बंद केलं.

आई दिसेल अशीच घराबाहेर पडेल, हे पहिलं ठरलं. सुरुवातीला तो जास्त रडला. आजी म्हणाली, "बघा, नजर चुकवून गेलेलंच बरं." पण लपून जाण्याने रडणं फक्त पुढे ढकललं जातं. शिवाय मूल शिकतं ते एवढंच, की आई कधीही, कुठूनही नाहीशी होऊ शकते. मग ते आईला क्षणभरही सोडत नाही.

२. निरोपाचं वाक्य बदललं.

ही गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. आपल्याकडे घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या मुलाचा विचार करा. आई "येते हं" म्हणते आणि दाराबाहेर जाते! "आत्ता येते" म्हणते आणि रात्री उगवते. त्याने शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा?

आईने "मी जाते" म्हणावं असं आम्ही सुचवलं, तर आजीला ते अशुभ वाटलं. तेही बरोबरच. मग आजीनेच तोडगा काढला, "आई ड्युटीला जाऊन येते." या वाक्यात जाणंही आहे आणि येणंही. रोज तेच वाक्य, त्याच सुरात, एकदाच. वाक्य झालं की आई निघणार. दारात घुटमळणं नाही, परत फिरून पापा घेणं नाही.

३. दिवसाची चित्रपट्टी केली.

जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर एकाखाली एक चित्रं चिकटवली. आई ड्युटीला, शाळा, डबा, घर, आजी, झोप, खेळ, देवाजवळ दिवा, जेवण, आणि शेवटी आईचा फोटो. एकेक गोष्ट झाली की तो त्या चित्राला कपड्याचा चिमटा लावायचा. आईचा फोटो कुठे आहे आणि आपण कुठवर आलो, हे त्याला डोळ्यांनी दिसायला लागलं.

चित्रांचा आधार देण्याची ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७० च्या दशकात स्वमग्न मुलांसाठी जो शिक्षणक्रम उभा केला, त्यात दृश्य वेळापत्रकाला महत्त्वाचं स्थान आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र तिथेच राहतं, हे त्यामागचं साधं कारण. आमचा खर्च काही नव्हता, फोटोच्या प्रिंटचे पैसे तेवढे गेले.

इथे एक सावधगिरी. पट्टीवर वेळ लिहू नका, क्रम ठेवा. एसटीची गाडी घाटात अडकते, कधी बिघडते. "आई सात वाजता येणार" म्हटलं आणि आठ वाजले, की विश्वास गेला. "दिवा, जेवण, मग आई" हा क्रम जास्त टिकतो.

४. उशिराचंही चित्र ठेवलं.

तरी कधी जेवण होतं आणि आई आलेली नसते. त्यासाठी एक पिवळं कार्ड केलं, त्यावर थांबलेल्या बसचं चित्र. अर्थ असा, की आज उशीर आहे, थांबायचं. पण हे कार्ड पहिल्यांदा वाईट दिवशी दाखवलं असतं तर पिवळा रंगच त्याचा शत्रू झाला असता. म्हणून आधी रविवारी, आई घरी असताना, गमतीच्या गोष्टींसाठी वापरलं. पोळीऐवजी आज शिरा, पिवळं कार्ड. आज बाबा अंघोळ घालणार, पिवळं कार्ड. बदल झाला तरी वाईटच होतं असं नाही, एवढं त्याला कळल्यावरच ते उशिरासाठी काढलं. त्याच्यासोबत थांबताना करायची एक ठरलेली गोष्टही ठेवली, झाकणांचा डबा.

५. खाकी कपड्यांची भीती घालवली.

आईने गणवेश चढवला की त्याची घालमेल सुरू व्हायची. म्हणून सुट्टीच्या दिवशी आई अर्धा तास खाकी कपडे घालून घरातच बसली, त्याला भरवलं, त्याच्याशी खेळली, आणि कुठेही गेली नाही. असं तीन-चार रविवार केलं. गणवेश म्हणजे आई नाहीशी होणार, हे समीकरण सैल झालं.

६. छोट्या जाण्या-येण्याचा सराव केला.

रोज संध्याकाळी आई तेच वाक्य थोडं बदलून म्हणायची, "आई दुकानात जाऊन येते." दोन मिनिटांत परत. मग पाच मिनिटं, मग पंधरा. परत आल्यावर प्रत्येक वेळी एकच शब्द, "आले." मुलाला उपदेश करून हे शिकवता येत नाही, पुन्हा पुन्हा अनुभवूनच त्याला ते कळतं. नियम एकच, त्याचं रडणं वाढत असेल तर वेळ वाढवायची नाही, कालच्या पायरीवर परत यायचं.

७. आजीला यादी दिली.

वहीतली दोन पानं मी मोठ्या अक्षरांत लिहून दिली, ती स्वयंपाकघरात लावली. आजीने कुकर तो शाळेतून यायच्या आत लावायला सुरुवात केली. कधी जमलं नाही तर "शिट्टी होणार" असं आधी सांगायची आणि त्याच्याकडून कान झाकून घ्यायची. "बस गेली"चा अर्थ आम्ही शाळेतही सगळ्या शिक्षकांना सांगितला. सोपवासोपवी चालू असताना पहिले काही दिवस आई घरी असतानाही ही कामं आजीनेच केली, आई शेजारी बसून राहिली. हे महत्त्वाचं आहे. आई असतानाच दुसऱ्या हातांची ओळख व्हायला हवी.

आई परत येते तेव्हा

आईला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दिवसभर ज्याने "आई आई" केलं, तो ती आल्यावर तिच्याकडे बघायचाही नाही. कधी तर तिला ओचकारायचा. "बाई, माझा राग आलाय का हो त्याला?"

दिवसभर मुलाने स्वतःला कसंबसं सावरलेलं असतं. सुरक्षित माणूस दिसल्यावर तो बांध फुटतो. शिवाय आईचं येणं हाही एक बदलच असतो. आवाज, वास, दिव्यांचा उजेड, प्रश्नांचा भडिमार. म्हणून येण्याचाही क्रम ठरवा. आमच्या मुलाची आई "आले" म्हणते, हातपाय धुते, त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून खाली बसते. प्रश्न नाही, मिठीचा आग्रह नाही. तो पट्टीवरच्या फोटोला चिमटा लावतो आणि मग स्वतः येऊन पाठ टेकवून बसतो. पाठ टेकवणं हीच त्याची मिठी आहे, हे आईला समजायला वेळ लागला.

वर्गात आपण काय करावं?

– हट्ट आणि कोसळणं यांतला फरक ओळखा. हट्ट करणारं मूल आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. कोसळलेल्या मुलाला कोणी बघतंय की नाही याचं भान नसतं, हवी ती वस्तू हातात दिली तरी ते थांबू शकत नाही. त्या क्षणी समजावणं, दटावणं दोन्ही निरुपयोगी. आवाज कमी करा, आजूबाजूची मुलं बाजूला करा, कमी बोला, जवळ थांबा.
– "रडलास तर आई येणार नाही" असं कधीही म्हणू नका. आपण सहज बोलतो, तो ते खरं मानतो.
– "आईला फोन करते हं" असं सांगून फोन न करणं हेही खोटंच.
– वर्गातही एक छोटी चित्रपट्टी ठेवा. शेवटचं चित्र न्यायला येणाऱ्या माणसाचं असू द्या. न्यायला येणारं माणूस बदलणार असेल तर सकाळीच फोटो बदला.
– आईची एखादी वस्तू जवळ राहू द्या. आमच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा असतो. "मोठा झालास, हे कशाला?" असं कुणी विचारणार नाही, याची काळजी मी घेते.
– बाकीच्या मुलांना सोप्या शब्दांत सांगा. मी सांगितलं, "त्याला पुढे काय होणार ते कळलं नाही की भीती वाटते." मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. आता मधली सुट्टी संपत आली की दोघी मुली त्याला चिमटा आणून देतात.
– घर आणि शाळेत रोज दोन ओळींची वही फिरू द्या. रात्री झोप झाली नसेल तर सकाळी मला कळायला हवं.

लगेच फरक पडला का?

नाही. पहिले तीन आठवडे मला वाटलं, काहीच होत नाही. मग एक दिवस तो गेटपाशी न जाता थेट जागेवर बसला. सप्टेंबरच्या शेवटी डबा खाऊ लागला. आणि दिवाळीत सगळं पुन्हा विस्कटलं. शाळेला सुट्टी, घरात पाहुणे, फटाके, आणि एसटीच्या जादा गाड्यांमुळे आईची ड्युटी लांबलेली. मनगटावर पुन्हा वळ दिसले. आम्ही दोन पायऱ्या मागे आलो, दोन मिनिटांच्या दुकानापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तीन महिन्यांऐवजी तीन आठवडे पुरले. मागे येणं म्हणजे हरणं नव्हे, हे पालकांना मुद्दाम सांगावं लागतं. स्वतःलाही.

डॉक्टरांचा सल्ला कधी घ्यावा?

मूल स्वतःला इजा करत असेल, खाणं किंवा झोप बिघडली असेल, आधी येत असलेले शब्द किंवा सवयी गमावत असेल, तर वाट बघू नका. भीती चार आठवड्यांहून अधिक काळ टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणत असेल, तरी तज्ज्ञांना दाखवा. बालरोगतज्ज्ञ, बालमानसतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची मदत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणखी एक, अचानक वाढलेल्या रडण्यामागे दात, कान किंवा पोट दुखणंही असू शकतं. न बोलणारं मूल ते सांगू शकत नाही, म्हणून शारीरिक तपासणी आधी.

आई-बाबांसाठी दोन शब्द

कामावर जाणं हा गुन्हा नाही. स्वमग्न मुलाच्या आईला "नोकरी सोड" हा सल्ला सगळे देतात, पुढचा खर्च कोण करणार हे कोणी सांगत नाही. ही जबाबदारी एकट्या आईचीही नाही. आमच्या मुलाच्या बाबांनी रविवारची आंघोळ आणि रात्रीचं थापटणं शिकून घेतलं, तेव्हा घराचं गाडं खरं रुळावर आलं. जिथे बाबा मूल सांभाळतात आणि तेच कामावर परततात, तिथेही वरचं सगळं तसंच लागू होतं.

रजेच्या तरतुदी माहीत करून घ्या. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते आणि दिव्यांग मुलाच्या बाबतीत मुलाच्या वयाची १८ वर्षांची मर्यादा लागू होत नाही. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठीही बालसंगोपन रजा आहे. आपापल्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत नियम विचारा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढून ठेवणं उपयोगी पडतं. आणि रजा मिळाली तर ती एकदम संपवू नका. रुजू होताना पहिल्या महिन्यात अधूनमधून एखादा दिवस घेता आला, तर सोपवासोपवीला मोकळीक मिळते.

शेवटी

आज तो मुलगा दुसरीत आहे. आई नोकरीत आहे. सकाळी आई चप्पल घालू लागली की तोच तिची बॅग आणून देतो आणि म्हणतो, "आई ड्युटीला जाऊन येते." काही दिवस अजूनही अवघड जातात.

एक गोष्ट मात्र राहिली. आई घरी असताना आंघोळीला गेली की तो एकदा दारावर टकटक करतो. आतून आवाज येतो, "आहे." मग तो खेळायला जातो. आजीचं ते एक वाक्य आणि माझा तो एक सल्ला, दोन्ही चांगल्या मनाने दिलेले. त्याची खूण त्या दारावर अजून आहे. आई कंटाळत नाही, रोज "आहे" म्हणते.

तुमच्या वर्गात किंवा घरात असं मूल असेल, तर आज एवढंच करा. एक वही घ्या आणि त्याचं माणूस त्याच्यासाठी दिवसभरात काय काय करतं ते लिहून काढा. पुढची वाट त्या यादीतूनच सापडेल.